संशयास्पद मृत्युपत्र समोर आलं तर वारसांनी काय करावं: पहिल्या आठवड्यापासून हुकूमनाम्यापर्यंत

वडील जातात. दहावं-तेरावं आटोपतं, पाहुणे पांगतात आणि भाऊ, पुतण्या किंवा धाकटा काका एक कागद पुढे करतो. म्हणतो, शेत माझ्या नावावर केलंय, हे बघा मृत्युपत्र. घरात कुणाला त्या कागदाचा पत्ता नसतो. मग बहुतेक घरांत पुढचे दोन-तीन महिने रुसवेफुगव्यात आणि ‘आपसात मिटेल’ या आशेवर निघून जातात. तेवढ्यात फेरफार मंजूर होतो, बँकेतली ठेव मोडली जाते आणि जमिनीला गिऱ्हाईकही लागतं.

मृत्युपत्र खोटं आहे की खरं, याचा निकाल लागायला वर्षं जातात. मालमत्ता आहे तशी, आहे तिथे अडवून धरायला मात्र काही दिवस पुरतात. म्हणून आधी अडवा, मग भांडा. पुढची सगळी माहिती त्याच क्रमानं दिली आहे. ती महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबाला धरून आहे. बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही हिंदू वारसा कायदाच लागतो. मुस्लिम कुटुंबं आणि गोवा यांचं वेगळेपण पुढे सांगितलं आहे.

सगळ्यात आधी: कशावरही सही करू नका

दुःखाच्या दिवसांत पुढे केलेले कागद फार साधे दिसतात. ‘बँकेचं काम आहे, सगळ्या भावंडांच्या सह्या लागतात’, ‘वारस नोंदीला संमती हवी’, ‘तात्पुरतं दादाच्या नावावर करू, मग वाटून घेऊ’. त्या गठ्ठ्यात संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र किंवा हक्कसोडपत्र असू शकतं. नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की पुढची सगळी लढाई ते रद्द करून घेण्यापासून सुरू होते. बहिणींच्या बाबतीत हे सर्रास घडतं आणि याची मनापासून चीड येते, कारण सही करणारीला त्या दिवशी कागद वाचायलासुद्धा मिळत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. ‘तू तोंडी सोडला होतास’ या म्हणण्याला त्यामुळे फारसा आधार नसतो.

कोणी घाई केली तर एवढंच म्हणा: झेरॉक्स द्या, वकिलाला दाखवून सांगते. मूळ सातबारे, खरेदीखतं, बँकेची पासबुकं, शेअर सर्टिफिकेट, वडिलांच्या दवाखान्याच्या फायली यांतलं जे तुमच्या ताब्यात असेल ते सुरक्षित ठेवा आणि त्याचे फोटो काढून घ्या.

दावा नेमका कशाच्या जोरावर आहे?

सगळेच दावे मृत्युपत्राचे नसतात आणि प्रत्येकाला उत्तर वेगळं असतं.

‘मी नॉमिनी आहे, म्हणून माझं’ हा सर्वांत जास्त ऐकू येणारा दावा. नॉमिनी म्हणजे रक्कम किंवा मालमत्ता ताब्यात घेणारा माणूस. मालकी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानंच ठरते. सर्वोच्च न्यायालयानं विम्याबद्दल हे १९८३ साली सरबती देवी खटल्यात सांगितलं आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात; त्यानं वारसांचा हक्क बुडत नाही. विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनं आई-वडील, नवरा-बायको आणि मुलं हे नॉमिनी असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आली आहे. पॉलिसीचा वाद असेल तर तेवढा मुद्दा वकिलाकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या.

‘माझ्याकडे कुलमुखत्यारपत्र आहे’ असं कोणी म्हणत असेल, तर साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. मृत्यूनंतरच्या तारखेला त्याच्या आधारे झालेला व्यवहार लगेच वकिलाच्या नजरेस आणा. हयातीतलं बक्षीसपत्र किंवा खरेदीखत पुढे आलं तर ते रद्द करून घेण्याचा दावा लावावा लागतो, आणि त्याला ते कळल्यापासून ३ वर्षांची मुदत आहे. ‘दुसरी बायको’ आणि तिची मुलं पुढे आली तर जरा थांबून विचार करा. पहिलं लग्न कायम असताना झालेलं दुसरं लग्न हिंदू कायद्यानं बेकायदा असतं आणि त्या बायकोला वारसा मिळत नाही. तिच्या मुलांना मात्र आई-वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे, आणि १ सप्टेंबर २०२३ च्या रेवणसिद्दप्पा निकालानं तो पक्का झाला आहे. त्या मुलांना खोटं ठरवण्यात पैसा आणि वर्षं घालवू नयेत.

आता मृत्युपत्र.

अडवण्याची कामं: तलाठी, बँक, सोसायटी

शेतजमिनीचं काम पहिल्यांदा करा. मृत्युपत्र घेऊन समोरचा तलाठ्याकडे (आताचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) गेला की फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद पडते. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना नोटिसा जातात आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नोटीस जुन्या पत्त्यावर जाते किंवा घरातलाच कोणी ती घेऊन ठेवतो, हे फार वेळा घडतं. त्यामुळे नोटिशीची वाट पाहत बसू नका. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावात चालू असलेले फेरफार दिसतात. दर आठवड्याला तिथे गट नंबर बघा.

हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या. पोचेवर शिक्का, तारीख आणि सही हवी. तलाठी भेटत नसेल तर तहसील कार्यालयात आवक क्रमांक घ्या आणि एक प्रत रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा. मजकूर लांबवायची गरज नाही. साधारण असा चालतो:

‘मी मयत खातेदार यांची मुलगी असून त्यांची प्रथम वर्गातील वारस आहे. गट क्र. … बाबतच्या फेरफार क्र. … ला माझी हरकत आहे. सादर केलेले मृत्युपत्र मला मान्य नाही. ते कायद्याप्रमाणे शाबीत झालेले नाही. सदर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घ्यावी, मला सुनावणीची संधी द्यावी व निर्णय होईपर्यंत नोंद प्रमाणित करू नये. मृत्युपत्राची व जबाबांची नक्कल मिळावी.’

त्यासोबत मृत्यू दाखला, तुमचं नातं दाखवणारा कागद (शाळा सोडल्याचा दाखला, जन्म दाखला, रेशनकार्ड) जोडा आणि त्याच दिवशी सर्व वारसांच्या नावानं वारस नोंदीचा अर्जही देऊन टाका. नुसतं ‘नको’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘नोंद अशी हवी’ म्हणणाऱ्याची बाजू सुनावणीत जास्त ठाम दिसते.

हरकत आली की प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये जातं आणि सुनावणी लागते. तारखेला स्वतः हजर राहा. नोंद तुमच्याविरुद्ध गेली तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं; मुदत ६० दिवसांची असते. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज हवाच. आणि नोंद मंजूर झाली म्हणून हातपाय गाळू नका. फेरफार किंवा सातबारा यानं मालकी ठरत नाही, या नोंदी महसुलापुरत्या असतात. मृत्युपत्रावरून हक्क सांगणाऱ्यानं वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश या प्रकरणात म्हटलं आहे. तरीही नोंद अडवायची ती एवढ्यासाठी, की गिऱ्हाईक सातबारा बघूनच पैसे टाकतं. शहरातल्या जागेला हेच काम नगर भूमापन कार्यालयात, मालमत्ता पत्रकासाठी करावं लागतं.

बँकेला पत्र द्या: खातेदार मयत आहेत, वारसांत वाद आहे, कोणतीही रक्कम अदा करू नये, लॉकर उघडू देऊ नये. एटीएम कार्ड आणि यूपीआय बंद करायला आवर्जून सांगा, कारण मृत्यूनंतरच्या काही दिवसांत खातं रिकामं होतं ते याच वाटेनं. सोसायटीच्या सचिवालाही असंच पत्र द्या.

समोरचा कोर्टात जाऊन तुमच्यामागे मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) दाखल करा. ते ९० दिवस टिकतं, मग पुन्हा द्यावं लागतं. आणि जमीन विकायला काढल्याची कुणकुण लागली तर त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात वकिलामार्फत जाहीर नोटीस द्या. वाद आहे हे एकदा छापून आलं की मला माहीत नव्हतं असं म्हणणं खरेदीदाराला अवघड जातं.

कागद मिळवा, मग वाचा

समोरच्यानं दाखवलेली झेरॉक्स पुरेशी नाही. मृत्युपत्र नोंदणीकृत आहे असं तो म्हणत असेल तर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदलं, तिथे अर्ज करा. मृत्युपत्रं ‘पुस्तक क्रमांक ३’ मध्ये नोंदतात. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, पण मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. मृत्यू दाखला सोबत न्या. नोंदणी त्यांच्या घरी किंवा दवाखान्यात येऊन झाली का, ओळख पटवणारे कोण होते, फोटोत वडील कसे दिसतात, हे सगळं त्या नकलेत नीट बघा.

नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे साध्या कागदावरचं मृत्युपत्रही वैध असू शकतं. उलट नोंदणी झाली म्हणून ते आपोआप खरंही ठरत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे साक्षीदार नव्हे. शिक्का असेल तर नोटरीच्या रजिस्टरमधला अनुक्रमांक आणि तारीख तपासायला वकिलाला सांगा.

मग शांतपणे कागद वाचायला बसा. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ चं कलम ६३ सांगतं: करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन केलेलं हवं. प्रत्येक साक्षीदारानं त्याला सही करताना पाहिलेलं असलं पाहिजे, किंवा ही माझी सही आहे असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे, आणि साक्षीदारानं स्वतःची सही त्याच्या समोर केलेली असली पाहिजे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायला हवेत असं मात्र नाही.

पुढच्या गोष्टी जवळून बघा. मृत्युपत्राला स्टँप लागतच नाही, तरी लोक स्टँपपेपरवर लिहितात. त्याच्या मागच्या बाजूची विक्रीची तारीख मृत्युपत्राच्या तारखेनंतरची निघाली तर अर्धं काम तिथेच होतं. मजकूर आणि सही यांच्यामध्ये मोकळी जागा आहे का, की वर सही आणि खाली दाटीवाटीनं बसवलेल्या ओळी? आयुष्यभर मराठीत सही करणाऱ्या माणसाचं मृत्युपत्र इंग्रजीत असेल, तर ‘मला वाचून समजावून सांगितलं’ अशी नोंद आहे का? गट नंबर, क्षेत्र, मुलांची नावं बरोबर आहेत का? स्वतःची जमीन स्वतः कसणारा बाप गट नंबर सहसा चुकवत नाही. साक्षीदार कोण आहेत, गावातले की लाभार्थ्याच्या कंपनीतले? वकील कोणी आणला, फी कोणी दिली, गाडीतून कोणी नेलं? ज्याला सगळं मिळतं त्यानंच ही धावपळ केली असेल तर न्यायालयं त्याकडे संशयानं पाहतात. आणि त्या तारखेला वडील कुठे होते? डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, डायलिसिसच्या नोंदी, स्मृतिभ्रंशाच्या गोळ्यांची चिठ्ठी हे सगळं काढा. दवाखान्याकडे केस पेपरची मागणी लेखी करा, कारण जुने कागद काही वर्षांनी नष्ट केले जातात.

सहीच्या तुलनेसाठी त्याच काळातल्या निर्विवाद सह्या हव्यात: बँकेची स्लिप, पेन्शनचा हयातीचा दाखला, सोसायटीच्या सभेचं हजेरी पुस्तक. दहा वर्षांपूर्वीच्या ठणठणीत हाताची सही आजारपणातल्या सहीशी जुळणार नाहीच, आणि तसा अहवाल टिकतही नाही. हस्ताक्षर तज्ज्ञाचं मत उपयोगी पडतं, पण खटला एकट्या त्यावर उभा करू नये.

इथे एक गोष्ट मनाला पटो न पटो, स्वीकारावी लागते. स्वकष्टार्जित मालमत्ता माणूस कोणालाही देऊ शकतो. मुलीला वगळलं एवढ्यानं मृत्युपत्र पडत नाही. आजारपणात ज्या पुतण्यानं सेवा केली त्याला वडिलांनी राजीखुशीनं काही दिलं असेल, तर तो दुखावा खरा असला तरी तो हरकतीचा मुद्दा होत नाही. कागद वाचून झाल्यावर स्वतःला हे विचारा आणि उत्तर प्रामाणिकपणे द्या.

मृत्युपत्र खरं निघालं तरी

जमीन वडिलोपार्जित असेल तर वडील फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकत होते. मुलींना जन्मानं सहदायक हक्क, म्हणजे मुलासारखाच वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा आहे, आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे तशी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं ठरलं आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही. म्हणून जुने फेरफार काढा, आजोबांच्या नावापर्यंत मागे जा. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज दिला की ते मिळतात. ‘आख्खं शेत’ देणारं मृत्युपत्र या एका मुद्द्यावर निम्म्याहून खाली येऊ शकतं. वकिलाकडे जाताना बरेच लोक फक्त सहीबद्दल बोलतात आणि हा मुद्दा राहून जातो.

कोर्टात: काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही

मृत्युपत्र शाबीत करायची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. १९५८ च्या एच. वेंकटाचल अय्यंगार निकालापासून हे तत्त्व ठाम आहे: संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करायची तीही त्यानंच. साक्षीदार हयात असेल तर किमान एकाला पिंजऱ्यात उभं करावं लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७ आहे. ‘तीस वर्षांचा जुना दस्त आहे, खरा धरा’ हा युक्तिवाद मृत्युपत्राला लागू होत नाही.

पण फसवणूक, दबाव किंवा धाकदपटशा झाला असं तुम्ही म्हणालात, की ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि तपशीलही द्यावे लागतात: कोणी, कधी, कसं. रागाच्या भरात लोक सगळेच आरोप कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, लिहून टाकतात, ‘सही खोटी आहे’ आणि ‘दबाव टाकून सही घेतली’ हे दोन्ही एकाच पानावर. उलटतपासणीत हे दोन्ही एकमेकांना खातात. पुरावा नसेल तर ‘मृत्युपत्र नाकबूल, कायद्याप्रमाणे शाबीत करावं, पुढील परिस्थिती संशयास्पद आहे’ एवढंच म्हणा आणि ती परिस्थिती तारीखवार मांडा. वकिलाकडून मसुदा वाचून घ्या, सही त्यानंतर करा.

समोरच्यानं प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला मिळवण्याचा, अर्ज केला असेल तर वारसांना सायटेशन म्हणजे नोटीस येते. मृत्युपत्र नसतं तर ज्याला हिस्सा मिळाला असता, तो प्रोबेटमध्ये कॅव्हेट घालू शकतो. मग अर्ज दाव्यासारखा चालतो. प्रोबेट न्यायालय फक्त मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं. जमीन वडिलोपार्जित होती का, हा प्रश्न तिथे सुटत नाही, त्याला वेगळा दावा लागतो. तुम्हाला न कळवताच प्रोबेट दिलं गेलं असेल तर भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम २६३ खाली ते रद्द करण्याचा अर्ज करता येतो. कोणी मुंबई नियमन ८, १८२७ खालचा वारस दाखला किंवा ठेवींसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागत असेल, तर त्या अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात येते. तिथेही मुदतीत हरकत घ्या.

समोरचा कोर्टात जातच नसेल तर तुम्ही जा. वाटप, स्वतंत्र ताबा, मृत्युपत्र बंधनकारक नाही असं जाहीर करणं आणि कायमचा मनाई हुकूम अशा मागण्या एकत्र करून दावा लावतात. नुसत्या घोषणेच्या मागणीला ३ वर्षांची मुदत आहे, म्हणून उशीर नको. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज पहिल्याच दिवशी असावा. आणि ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे मालमत्तेवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला स्थानिक दुरुस्ती आहे. त्यामुळे दावा चालू असताना झालेली विक्री तुमच्यावर बंधनकारक नाही हे म्हणायला ही नोंदणी लागते. दावा जिंकूनही जमीन तिऱ्हाइताच्या ताब्यात गेलेली, हे दुर्दैव या एका कागदानं टळतं.

खर्चाचं म्हणाल तर महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात महिलांना १९९४ च्या अधिसूचनेनं कोर्ट फी माफ आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज केला तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही ही सोय आहे.

पोलिसांत जायचं का? मृत्युपत्राची बनावट हा गंभीर गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण सबळ पुरावा नसताना केलेली तक्रार ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ म्हणून परत येते आणि समोरचा सावध होतो. स्टँपची तारीख, मृत साक्षीदाराची सही, दवाखान्यात दाखल असतानाची नोंदणी असं काही ठोस हातात आलं की मगच जा.

मुस्लिम कुटुंबात साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्तेचं मृत्युपत्र वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि सुन्नींमध्ये वारसाच्याच नावानं केलं असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ते तोंडीही असू शकतं, त्यामुळे तिथे लढाई मुख्यतः साक्षीदारांची असते. गोव्यात वारसांसाठी अर्धा हिस्सा कायद्यानं राखीव असतो, जोडीदाराचा अर्धा वाटा त्याआधीच वेगळा निघतो, आणि वाटणी ‘इन्व्हेंटरी प्रोसीडिंग’मधून होते. गोव्यातल्या मालमत्तेसाठी तिथलाच वकील गाठा.

तडजोड किंवा हुकूमनामा

मनाई हुकूम मिळाला की समोरचा बहुतेक वेळा बोलायला तयार होतो, आणि तेव्हा बोलणं कमीपणाचं नाही. मात्र तडजोड कोर्टात किंवा लोकअदालतीतच करा, आणि कोणता गट, किती आर, कोणाला रस्ता, विहिरीचं पाणी कोणाला कोणत्या दिवशी, हे सगळं नकाशासह लिहून घ्या. ‘निम्मं-निम्मं’ एवढ्यावर सोडलेली तडजोड बांधावर पुन्हा पेटते.

निकाल लागला तर वाटपाच्या दाव्यात आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे कागद तहसीलदाराकडे येतात आणि भूमी अभिलेख खातं मोजणी करतं. त्यासाठीचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो, तो आपोआप पुढे सरकत नाही. मोजणीच्या दिवशी हजर राहा, हद्दीच्या खुणा स्वतः बघा, ताबे पावतीवर क्षेत्र तपासून सही करा. मग हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत देऊन फेरफार धरायला लावा आणि तो प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून नाव, हिस्सा आणि इतर हक्काचा रकाना ओळ न् ओळ वाचा.